मदत हवी आहे: लग्नाचे फोटो काढणाऱ्या हौशी आत्तेभावाला किती पैसे द्यावेत?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, नाशिकलाच. माणसं दोनशेच्या आत. आदल्या दिवशी घरी हळद, दुसऱ्या दिवशी कार्यालयात दुपारी सीमंतपूजन आणि संध्याकाळी गोरज मुहूर्त. फोटोवाल्यांकडे चौकशी केली तर कँडिड, व्हिडिओ, अल्बम सगळं धरून पाऊण लाखाच्या खाली कोणी बोलेना. आमच्याकडे या खात्यावर २० हजार आहेत, फार ताणलं तर २५.

माझा आत्तेभाऊ निफाडला असतो, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. नांदूरमध्यमेश्वरला जाऊन पक्ष्यांचे फोटो काढतो आणि खरंच सुरेख काढतो. माणसांचे म्हणाल तर एक बारसं आणि मित्राच्या बहिणीचा साखरपुडा, बस. तो आपणहून म्हणाला, "ताई, मी काढतो की." पैशांचं विचारलं तर म्हणे, "द्याल ते."

या "द्याल ते"पाशी घोडं अडलंय. आई म्हणते घरच्या मुलाला कसले पैसे, आत्याला राग येईल, चांगला शर्टपीस आणि आहेर करू. बाबा पाकिटात पाच हजार घालायला तयार आहेत. मला हे दोन्ही पटत नाही. फेटे बांधणाऱ्याला नगावर मोजून देतो, त्याला कोणी "घरचाच आहेस" म्हणत नाही. हा मुलगा दोन दिवस उभा राहणार, पंगतीत बसणार नाही, नंतर हजारभर फोटोंतून निवडून ते नीट करत बसणार.

तर रक्कम किती असावी? तो संकोचणार नाही आणि आत्याही दुखावणार नाही अशी कशी द्यावी? आणि सगळं त्याच्यावर सोपवणं शहाणपणाचं आहे का, हेही मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद

मी नोकरी सांभाळून हौसेने लग्नं केली आहेत, म्हणून सांगतो. मजुरीआधी खर्चाचं बोला. पक्ष्यांची लांब लेन्स कार्यालयाच्या पिवळ्या उजेडात मान टाकते. गोरज मुहूर्त म्हणजे डिसेंबरात बाहेर अंधारच. त्याला ५० किंवा ३५ मिमीची, कमी उजेडात चालणारी १.८ वाली लेन्स आणि एक चांगला फ्लॅश भाड्याने लागेल, शिवाय जादा बॅटरी आणि कार्डं. हे भाडं आणि निफाडचा जाण्यायेण्याचा खर्च तुम्ही आधीच द्या, ते मानधनात धरू नका. मग दोन दिवसांचे दिवसाला तीन हजार आणि एडिटिंगचे चार. पहिल्या लग्नाला हे दहा हजार मला रास्त वाटतात. निम्मे आधी, निम्मे फोटो हातात आल्यावर. पाकीट नको, सरळ खात्यावर टाका. पाकिटाचा आहेर होतो आणि आहेराबद्दल कोणी तक्रार करत नाही, तुम्हीही फोटो उशिरा आले तर करू शकणार नाही.

आणि त्याला मुहूर्ताच्या आधी जेवायला घाला. हे कोणालाच सुचत नाही.

प्रतिसाद

पैसे देण्याचं आणखी एक कारण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क फोटो काढायला सांगणाऱ्याचा. फुकट काढला तर तो काढणाऱ्याकडे राहतो. भावाशी कोर्टात जायची वेळ येणार नाही हो, पण फोटो कुठे टाकायचे, कच्च्या (एडिट न केलेल्या) फाइली द्यायच्या की नाही, किती दिवसांत द्यायचे, हे व्हॉट्सॲपवर चार ओळींत लिहून ठेवा.

प्रतिसाद

थोडं कडू बोलते. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, हार पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी सगळे मामा-मावश्या मोबाइल वर करून पुढे सरसावतात. नवख्या मुलाच्या वाट्याला पाठी आणि कोपर येतात. पक्षी उडाला तर उद्या पुन्हा येतो, मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत. म्हणून गावातला साधा स्टुडिओवाला फक्त लग्नाच्या संध्याकाळपुरता घ्या, विधींचे आणि स्टेजवरचे फोटो त्याच्याकडे. व्हिडिओ आणि जाडजूड अल्बम सोडलात तर दर बराच खाली येतो. हळद, रुखवत, नटणंमुरडणं, पाठवणी हे भावाला द्या. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल आणि फोटोही जास्त चांगले येतील. मात्र म्हणून त्याचे पैसे कापू नका.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आज आत्याशी बोलले. राग वगैरे काही नाही, उलट म्हणाली, "दे बाई, पेट्रोल मीच भरते दर रविवारी." दहा हजार आणि भाडं वेगळं असं ठरवतेय, स्टुडिओवालाही संध्याकाळपुरता बघतेय. आईचा शर्टपीस आहेच, तो ती देणारच.

आता नाशिकमध्ये लेन्स आणि फ्लॅश भाड्याने कुठे मिळतात, आणि डिपॉझिट किती मागतात, तेवढं कोणी सांगेल का?