डायलॉग बॉक्सची चाचणी स्क्रिप्टवर सोडावी का?

गोदाकाठ

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतलं स्टोअर असो की लासलगावकडचा वजनकाटा, विंडोजवरच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरची गरज तिथे अजून संपलेली नाही. असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये एक आग्रह हमखास ऐकू येतो: चाचणी सगळी स्क्रिप्टनं (आपोआप बटणं दाबून बघणाऱ्या प्रोग्रॅमनं) व्हावी, माणसानं फक्त अहवाल वाचावा. डायलॉग बॉक्सच्या, म्हणजे मधेच उघडून काही विचारणाऱ्या छोट्या खिडकीच्या बाबतीत मला हा आग्रह घातक वाटतो.

स्क्रिप्ट बटण ओळखक्रमांकावरून शोधते आणि दाबते. काट्यावरचा माणूस बटण शोधत बसत नाही. गाडी नंबर, एंटर, वजन, एंटर, दर, एंटर. मधेच 'या गाडीची पट्टी आधीच आहे. जुनी पुसून नवी लिहायची?' असा डायलॉग उगवला, तर ओघातला पुढचा एंटर त्याच्यावर पडतो. विंडोजच्या मेसेज बॉक्सला वेगळं सांगितलं नसेल तर पहिलं बटण डीफॉल्ट असतं, म्हणजे 'होय'. मजकूर वाचायच्या आत जुनी पट्टी गेली. स्क्रिप्टनं 'होय' दाबून पाहिलं, 'नाही' दाबून पाहिलं, दोन्ही पास.

त्यामुळे निदान एवढं हातानं व्हायलाच हवं: डायलॉग उघडताना एंटर दाबून धरा आणि काय होतं ते बघा. बारकोड स्कॅनर असेल तर त्यानंही करून बघा, कारण बरेच स्कॅनर कोडच्या शेवटी एंटर पाठवतात. मग डायलॉग उघडा ठेवून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जा आणि परत या. मालक खिडकी (डायलॉग कुठल्या खिडकीचा आहे ते) न सांगता उघडलेला डायलॉग मुख्य खिडकीच्या मागे दडू शकतो. वापरणाऱ्याला वाटतं प्रोग्रॅम अडकला, आणि तो टास्क मॅनेजरमधून बंद करतो.

टॅबक्रम

असहमत. तुम्ही सांगताय तो दोष स्क्रिप्टचा नाही, वाईट लिहिलेल्या स्क्रिप्टचा आहे. बटण शोधून दाबू नका, एंटर ही कळ पाठवा आणि नंतर डेटाबेसमध्ये जुनी पट्टी शिल्लक आहे का ते तपासा. कळ पाठवायच्या आधी फोकस कुठल्या बटणावर आहे, म्हणजे कळ कुणावर पडणार, हे यूआय ऑटोमेशनला (पडद्यावरची बटणं-लेबलं प्रोग्रॅमला वाचू देणाऱ्या विंडोजच्या सोयीला) विचारता येतं. टॅब बारा वेळा पाठवून प्रत्येक थांब्याचं नाव नोंदवा आणि अपेक्षित यादीशी जुळवा. माणूस हे पहिल्या आवृत्तीला नीट करेल, पाचव्या आवृत्तीला करणार नाही.

हिशेब मांडा. समजा ४० डायलॉग, १००, १२५ आणि १५० टक्के असे पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवण्याचे तीन स्केल, मराठी आणि इंग्रजी दोन भाषा. झाल्या २४० फेऱ्या. फेरीला चार मिनिटं धरली तरी १६ तास, म्हणजे एका माणसाचे दोन पूर्ण दिवस. दर महिन्याला आवृत्ती काढणारी टीम हे दोन दिवस देते का? देत नाही. 'मागच्या वेळी पाहिलं होतं' म्हणून सोडून देते.

बंद करण्याच्या वाटा तर स्क्रिप्टनंच तपासाव्यात. 'होय-नाही-रद्द' असा मेसेज बॉक्स असेल तर एस्केप आणि कोपऱ्यातली फुली, दोन्हींचं उत्तर 'रद्द' येतं. कोडमध्ये 'उत्तर नाही असेल तर जतन करू नको, नाहीतर कर' असं लिहिलं असेल, तर फुली मारणाऱ्याचाही बदल जतन होतो. फक्त 'होय-नाही' असेल तर एस्केप चालतच नाही आणि फुली करडी असते. अशा वेळी 'रद्द' हवं होतं का, हा प्रश्न चाचणी करणाऱ्यानं विचारायला हवा.

गोदाकाठ

@टॅबक्रम, फोकस आणि टॅबचा क्रम याबाबत तुमचं म्हणणं मान्य. पण दिसण्याचं काय? लेबल पडद्यावर अर्धं कापलेलं असलं तरी यूआय ऑटोमेशन नाव विचारल्यावर पूर्ण मजकूर देतं. स्क्रिप्ट पास, आणि पडद्यावर 'एकूण वजन (क्विं'. स्क्रीनशॉटची पिक्सेल-पिक्सेल तुलना करायला गेलं तर फॉन्टच्या कडांच्या छटा मशीनगणिक बदलतात, रोज खोटे इशारे येतात, आणि आठवड्याभरात ते वाचायचं सगळे सोडून देतात.

आणखी एक. १३६६ बाय ७६८चा लॅपटॉप १२५ टक्क्यांवर ठेवला की उंचीला उरतात साधारण ६१४ एकक, त्यातून टास्कबार वजा. विकसकाच्या मोठ्या मॉनिटरवर ६५० उंचीचा डायलॉग सुरेख दिसतो, काट्यावर 'ठीक' बटण पडद्याखाली जातं. स्क्रिप्टनं ते बटण थेट ओळखक्रमांकावरून चालवलं तर ते 'दाबलं' जातंही!

रफार

दोघेही मराठी बाजूला ठेवून बोलताय, म्हणून मध्ये पडतो.

मजकूर-चौकटीची कमाल लांबी दिसणारी अक्षरं मोजत नाही. मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं सुटं मोजते. 'त्र्यंबकेश्वर' वाचताना पाच अक्षरं, साठवताना १३ कोड. मर्यादा १० असेल तर उरतं 'त्र्यंबकेश', ११ असेल तर शेवटी लोंबकळणारा हलन्त. गावाच्या नावाच्या चौकटीत हे नाव टाइप करूनही बघा आणि चिकटवूनही बघा. छापील पट्टीवरही बघा.

अंकांचा सापळा याहून वाईट आहे. डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्ममध्ये) 'हा अंक आहे का' ही तपासणी देवनागरी अंकांना होकार देते. पण तीच अक्षरं पूर्णांकात बदलायला गेलं की अपवाद (एरर) फेकला जातो, कारण रूपांतर फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) ओळखतं. म्हणजे चौकट देवनागरीतलं ४२५ आनंदानं घेते आणि 'जतन करा' दाबल्यावर प्रोग्रॅम कोसळतो. प्रत्येक अंकी चौकटीला देवनागरी अंकांची एक चाचणी हवीच, आणि ती स्क्रिप्टनं करणं सगळ्यात सोपं.

डोळ्यांनी बघायची गोष्ट वेगळी. इंग्रजी लेबलच्या उंचीवर बेतलेल्या चौकटीत वरचा रफार आणि खालचा ऊकार छाटला जातो. 'पूर्ण' आणि 'कृषी' हे दोन शब्द त्या लेबलांत टाकून १५० टक्क्यांवर बघा, लगेच कळतं. शॉर्टकटची अधोरेखित कळही देवनागरी अक्षरावर ठेवू नका. इंग्रजी कळफलक चालू असेल तर ती दाबताच येत नाही. कंसात रोमन अक्षर दिलेलं बरं.

मखमलाबादकर

मुळात इतके डायलॉग कशाला? दिवसात शंभर वेळा 'नक्की?' विचारलं की माणूस वाचणं सोडतो. पट्टी पुसू द्या आणि 'परत आणा'ची सोय ठेवा. जो डायलॉग नाही त्याची चाचणीही नाही.

टॅबक्रम

@मखमलाबादकर, अर्ध्या ठिकाणी हे चालेल. पण पट्टी छापून ट्रॅक्टरवाल्याच्या हातात गेली की 'परत आणा' काही परत आणत नाही. तिथे विचारावंच लागेल, आणि बटणांवर 'होय-नाही'ऐवजी 'जुनी पुसा' आणि 'जुनी ठेवा' असे शब्द लागतील. डीफॉल्ट 'जुनी ठेवा'.

@गोदाकाठ, बटण पडद्याबाहेर जाण्याचा मुद्दा स्क्रिप्टला पकडता येतो. बटणाचा चौकोन विचारा आणि तो टास्कबार सोडून उरलेल्या जागेत बसतो का ते बघा, चार ओळींचं काम. कापलेल्या लेबलबद्दल मात्र मी अडून बसत नाही. त्यासाठी स्क्रिप्टनं ४० डायलॉगची चित्रं काढून एका फोल्डरमध्ये ठेवावीत आणि माणसानं ती एकामागून एक चाळावीत. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक सूचना: डायलॉग उघडणारं बटण संदेश पाठवून दाबलं तर तो कॉल डायलॉग बंद होईपर्यंत परतत नाही आणि स्क्रिप्ट तिथेच लटकते. पायविनऑटोमध्ये (अशा स्क्रिप्ट लिहायच्या पायथन लायब्ररीत) खरा माऊस हलवणारा क्लिक वापरा. पण स्क्रीन लॉक असेल किंवा रिमोट डेस्कटॉपची खिडकी मिनिमाइज केली असेल तर तोही चालत नाही. रात्री स्क्रिप्ट लावून घरी जाणाऱ्यांच्या चाचण्या नेमक्या इथे पडतात. आणि 'दोन सेकंद थांब' असं लिहू नका. 'डायलॉग तयार होईपर्यंत थांब, कमाल १० सेकंद' असं लिहा.

गोदाकाठ

चित्रं चाळायचं पटलं. ती १३६६ बाय ७६८ आणि १२५ टक्क्यांवरच काढा, विकसकाच्या मॉनिटरवर नको. एंटर दाबून धरायचं मात्र मी माणसाकडेच ठेवणार. कळ धरून ठेवली की कीबोर्ड ती पुन्हापुन्हा पाठवतो. डायलॉग उघडण्याच्या नेमक्या क्षणी काय होतं हे त्यात दिसतं, आणि 'तयार होईपर्यंत थांब' म्हणणारी स्क्रिप्ट नेमका तोच क्षण वगळते.