प्रतिसाद: टाकीत रॉकेल नको

वर कुणीतरी थंडीत डिझेलमध्ये थोडं रॉकेल ओता म्हटलंय. जुन्या इंजिनांनी खपवून घेतलं असेल, हल्लीच्या कॉमन रेल (एका सामाईक नळीतून प्रचंड दाबाने डिझेल फवारणाऱ्या) पिकअपला नको. हाय-प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण असतं. इथे अमेरिकेच्या थंड उत्तरेत, मिनेसोटात, पंपावर मिळणारं नंबर १ (थंडीसाठीचं पातळ) डिझेल रॉकेलचाच भाऊ, पण त्यात वंगणाचं द्रव्य घातलेलं असतं. खरी गोची होते ती उबदार दक्षिणेकडून तिथल्या साध्या डिझेलने टाकी फुल करून आल्यावर: रात्रीत डिझेलमध्ये मेण धरतं, फिल्टर चोंदतो, सकाळी गाडी स्टार्ट होऊन दोन मिनिटांत बंद. अँटीजेल (मेण धरू न देणारं द्रव्य) त्याआधीच टाकीत टाकायचं. एकदा मेण धरलं की अँटीजेल काही कामाचं नाही. ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) निघण्याआधी तीन-चार तास पुरे, रात्रभर लावलात तर नुसतं विजेचं बिल. डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी) उणे ११ अंश सेल्सियसला गोठतं, पण त्याच्या टाकीत हीटर असतो, घाबरू नका.