रोड बाइक की ट्राय बाइक? गोव्याच्या ९० किलोमीटरसाठी सल्ला हवा आहे

पन्हाळा_रविवार

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, वय ४१, काम बैठे. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या रोड बाइकवर आठवड्याला साधारण १५० किलोमीटर होतात आणि रविवारी पन्हाळ्याचा चढ ठरलेला असतो. गेल्या वर्षी कमी अंतराची एक ट्रायथलॉन पूर्ण केली. आता गोव्याच्या ‘आयर्नमॅन ७०.३’ ट्रायथलॉनमध्ये उतरायचे पक्के केले आहे; म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि मग २१.१ किलोमीटर धावणे. सपाट रस्त्यावर, वारा नसेल तर, ६० किलोमीटरपर्यंत ताशी ३० चा वेग मला टिकवता येतो. त्यानंतर कंबर आखडू लागते.

माझ्यासोबत सराव करणारे दोघे सांगतात की ट्राय बाइक (कोपरे टेकवून, पुढे झुकून चालवायची ट्रायथलॉनची खास सायकल) नसेल तर पंधरा-वीस मिनिटे हातची जातील. बंगळुरूच्या एका गृहस्थांकडे चार वर्षे वापरलेली कार्बनची ट्राय बाइक विकायला आहे, आणि तेवढ्याच पैशांत चांगली नवी रोड बाइकही येते. घरात एकच मोठी खरेदी होऊ शकते. शिवाय मुंबई-पुणे शर्यतीतल्या ‘घाटाचा राजा’ किताबाबद्दल लहानपणापासून वडिलांकडून ऐकत आलो आहे, त्यामुळे सगळे एकदम सुटतात अशा रस्त्यावरच्या शर्यतीत एकदा तरी उतरायची इच्छा आहे. दोन्हींना चालेल अशी एकच सायकल घ्यायची झाली तर कोणती घ्यावी? ज्यांनी दोन्ही वापरल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दिवेघाट_सकाळी

तुमच्या प्रश्नाचा निम्मा निकाल स्पर्धांच्या नियमांतच लागलेला आहे, म्हणून आधी तेच लिहितो. जिथे सगळे स्पर्धक एकत्र सुटतात आणि एकमेकांच्या मागे चिकटून वारा चुकवतात, अशा शर्यतीत ट्राय बाइक चालत नाही. कारण साधे आहे. कोपरे टेकवून पुढे झुकलेल्या स्वाराचे हात ब्रेकपासून दूर असतात, आणि समोरच्या चाकापासून वीतभर अंतरावर सायकल हाकताना ते सगळ्यांसाठीच धोक्याचे ठरते. ऑलिम्पिकमधली ट्रायथलॉन २००० च्या सिडनीपासून अशीच, ड्राफ्टिंगला, म्हणजे असे मागे चिकटण्याला, परवानगी असलेली आहे, आणि म्हणून तिथले खेळाडू साध्या वाकड्या हँडलच्या रोड बाइकवर दिसतात. गोव्यासारख्या ७०.३ मध्ये नियम नेमका उलटा आहे. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावे लागते, ओलांडायचे असेल तर २५ सेकंदांत ओलांडावे लागते, नाहीतर दंडाचे थांबणे. तिथे प्रत्येक जण स्वतःचा वारा स्वतःच फोडतो, आणि ट्राय बाइक जन्माला आली ती त्याच एकट्याच्या झुंजीसाठी. तेव्हा घाटाच्या शर्यतीची इच्छा खरी असेल तर रोड बाइक तुमच्याकडे असावीच लागेल, आणि ती तुमच्याकडे आहे.

आता त्या पंधरा-वीस मिनिटांकडे येऊ. मी कागदावर गणित मांडले. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो, उष्ण हवा, सपाट रस्ता आणि चाकावर पोचणारी सुमारे १४० वॉट ताकद धरली. ब्रेकच्या हूडवर (लिव्हरच्या वरच्या रबरी भागावर) हात ठेवून बसलेल्या माणसाचा हवेच्या अवरोधाचा आकडा साधारण ०.३२ धरला, तर वेग ताशी ३० येतो, म्हणजे तुमचाच, आणि ९० किलोमीटरला तीन तास लागतात. त्याच रोड बाइकवर क्लिप-ऑन एरोबार (हँडलला जोडायच्या, कोपरे टेकवून धरायच्या पुढच्या दांड्या) लावून, सीट थोडी पुढे घेऊन तो आकडा ०.२७५ पर्यंत आणता आला, तर तेवढ्याच ताकदीत २ तास ५२ मिनिटे होतात. नीट मापाच्या ट्राय बाइकवर ०.२५ साधला तर २ तास ४७ मिनिटे. याचा अर्थ असा की १३ मिनिटांच्या फायद्यातली ८ मिनिटे काही हजार रुपयांच्या एरोबारनेच मिळतात, आणि उरलेल्या ५ मिनिटांसाठी बाकीची सगळी रक्कम मोजावी लागते. गोव्याचा मार्ग चढउताराचा आणि वळणांचा आहे, त्यामुळे हे आकडे तिथे आणखी आक्रसतील. चढावर वेग पडला की वाऱ्याचा वाटाही घटतो.

याला इतिहासाचाही आधार आहे. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने हँडलला ट्रायथलॉनवाल्यांचे लांब एरोबार जोडले होते, तर आघाडीवर असलेल्या लोराँ फिन्योंच्या सायकलवर ते नव्हते. लेमाँडने त्या टप्प्यात ५८ सेकंद कमावले आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. फक्त बारमुळेच जिंकला असे कोणी म्हणू नये, कारण माणूसही तेवढ्याच ताकदीचा होता. पण सपाट रस्त्यावर सर्वांत मोठा अडथळा आपल्या छातीचा आणि खांद्यांचा असतो, फ्रेमच्या नळ्यांचा वाटा त्यामानाने लहान असतो, हे त्या दिवशी सगळ्या जगाने पाहिले.

मी स्वतः मात्र हे सगळे वाचून-ऐकूनही पहिल्या वर्षी वापरलेली ट्राय बाइक घेतली. फ्रेम मला एक माप मोठी होती. विकणाऱ्याने आखूड स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) लावला की जमेल असे सांगितले, आणि मी ते मानले. गोव्यात पस्तिसाव्या किलोमीटरला मान अशी धरली की समोर बघायला डोके उचलता येईना. घाम नाकाच्या शेंड्यावरून थेट सायकलच्या घड्याळावर टपकत होता आणि कोपराखालच्या गाद्यांचा फोम भिजून घसरत होता. शेवटी हात बाहेरच्या बेस बारवर (आडव्या मुख्य हँडलवर) आणले आणि उरलेले ५५ किलोमीटर जवळजवळ तसाच उठून बसून काढले. तिथे ब्रेक असतात, पण माझ्या सायकलचे गिअर पुढच्या दांड्यांच्या टोकाला होते, त्यामुळे प्रत्येक चढाला एक हात सोडून पुढे न्यावा लागे. थोडक्यात, महागडी सायकल मी रोड बाइकहून वाईट चालवली, आणि धावायला उतरलो तेव्हा कंबर सरळ व्हायला चार किलोमीटर लागले. ६० किलोमीटरनंतर तुमची कंबर आखडते असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

माझा सल्ला असा: आहे ती सायकल ठेवा. जाणकाराकडून अंगाच्या मापाने फिटिंग करून घ्या, एरोबार लावा, चांगले टायर घाला आणि गोवा करून या. कोपरे टेकवून सलग तासभर विनातक्रार बसता येऊ लागले, आणि आपल्याला पुढेही अशाच एकट्याच्या स्पर्धा करायच्या आहेत हे पक्के झाले, की मग ट्राय बाइक जरूर घ्या.

वसई_पोहणारी

दिवेघाट यांचे गणित मला मान्य आहे, पण त्यांचा अनुभव चुकीच्या मापाच्या सायकलचा आहे, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे अशी विनंती करते. मी तीन वर्षे ट्राय बाइकवर आहे आणि त्याआधी दोन वर्षे रोड बाइकला एरोबार लावून खेळले. दोन्हींत खरा फरक बसण्याच्या कोनाचा आहे. रोड बाइकची सीटखालची नळी साधारण ७२ ते ७४ अंशांत असते, तर ट्राय बाइकची ७६ ते ८० च्या आसपास. त्यामुळे सीट पेडलच्या जवळजवळ वर येते, आणि पुढे झुकूनही मांडी पोटावर येऊन आदळत नाही. रोड बाइकवर एरोबार लावून सीट मागेच ठेवली तर माणूस मधोमध घडी घातल्यासारखा बसतो, श्वास कोंडतो, आणि पाठीच्या तक्रारी नेमक्या तिथूनच सुरू होतात. सीट पुढे सरकवली तर वजन पुढच्या चाकावर येते आणि सायकल वळणात बुजरी होते. दोन्ही साधणारी रोड बाइक क्वचितच मिळते.

धावण्याबद्दल फारसे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. सायकलवरून उतरल्यावरची पहिली दोन-तीन किलोमीटर मला आता पूर्वीपेक्षा निश्चित सुटसुटीत जातात. हा माझ्या अंगाचा अनुभव आहे. सगळ्यांना तसाच येईल असे मी म्हणत नाही. खाण्यापिण्याचीही सोय होते: दोन हातांच्या मध्ये बाटली बसते, आणि गोव्याच्या दमट उन्हात न उठता दर दहा मिनिटांनी घोट घेता येणे ही लहान गोष्ट नाही.

मात्र सराव कुठे करणार, याचा विचार आधी करा. आमच्याकडे महामार्गावर कंटेनर, रिक्षा आणि मध्येच येणारे न रंगवलेले गतिरोधक आहेत, तिथे मी कोपरे टेकवतच नाही. माझा तसा सगळा सराव घरात होम ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) होतो, आणि रस्त्यावर फक्त पहाटे, ओळखीच्या मोकळ्या पट्ट्यात. स्पर्धेच्या दिवशी रस्ता बंद मिळतो. आधीचे सहा महिने मिळत नाही. ज्यांना घरात ट्रेनरवर दीड तास बसवत नाही त्यांनी ट्राय बाइकच्या वाटेला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

गंगापूर_रोड

बंगळुरूच्या सायकलबद्दल थोडे. फोटोंवर विसंबून पैसे पाठवू नका. सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) चिकटपट्टी लावून ‘इथवर आत होती’ अशी खूण मागा, म्हणजे मालकाची उंची कळते. सीटपोस्ट, स्टेम आणि ब्रेक त्याच कंपनीचे खास आकाराचे असतील, तर एक तुकडा बिघडला तरी तो परदेशातून मागवावा लागतो आणि हंगाम वाया जातो. कार्बनवर बोटाच्या नखाने किंवा नाण्याने टिचकी मारत जा. ठणठणीत आवाज मध्येच बसका झाला तर तिथे आत काहीतरी फुटलेले असू शकते. चौथी गोष्ट म्हणजे टायर किती रुंद बसतो ते विचारा. जुन्या ट्राय बाइकमध्ये बऱ्याचदा २५ मिलिमीटरच्या वर जागा नसते, आणि आपल्या रस्त्यांवर मी २८ पेक्षा अरुंद टायर कोणालाही सुचवत नाही. उंच रिमची चाके सोबत देत असतील तर किनाऱ्यावरच्या आडव्या वाऱ्यात ती हँडल खेचतात, हेही धरून चाला. हवाईमधल्या कोना इथल्या आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेत मागचे बंद, आऱ्यांऐवजी सलग तबकडीचे डिस्क चाक वाऱ्यामुळेच लावू देत नाहीत.

पन्हाळा_रविवार

सर्वांचे मनापासून आभार. वसईच्या ताईंनी लिहिलेले वाचून सीटकडे पाहिले, तर ती रुळांवर पार मागे सरकवलेली होती. दुकानातून आणली तशीच पाच वर्षे चालवत होतो. फिटिंग करणाऱ्यांनी ती दोन सेंटिमीटर पुढे आणि किंचित वर घेतली, स्टेम दहा मिलिमीटर आखूड केला, आणि आधी तीन आठवडे एरोबार न लावता चालवायला सांगितले. काल पन्हाळ्याहून शिरोलीपर्यंत जाऊन परत घरी आलो, ७० किलोमीटर झाले, आणि कंबर शांत आहे. बंगळुरूच्या सायकलला नम्रपणे नकार कळवला.

आता एरोबार घ्यायचे आहेत. बाजारात सरळ दांड्यांचे आणि टोकाशी वर वळलेले असे दोन्ही दिसतात. माझे हँडल अ‍ॅल्युमिनियमचे आहे, पण पुढेमागे कार्बनचे बसवायचा विचार होता. तर आधी हँडल बदलावे का?

दिवेघाट_सकाळी

हँडल बदलू नका. कार्बनच्या बऱ्याच हँडलांवर एरोबारची पकड आवळण्याची परवानगी बनवणारे देत नाहीत, कारण दाब एका जागी पडून ते चिरडू शकते. ज्यांना चालते त्यांच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट छापलेले असते. अ‍ॅल्युमिनियमचे गोल हँडल या कामाला उत्तम आहे. दांडी वर वळलेली घ्या, मनगट सैल राहते. गाद्यांची रुंदी आणि दांड्यांची लांबी दोन्ही बदलता येतील असाच नमुना निवडा, आणि सुरुवातीला गाद्या उंच ठेवा. खाली आणण्याची घाई करू नका, दर दोन आठवड्यांनी गाद्यांखालची एक चकती काढलीत तरी पुरे. बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोराइतकेच आवळणाऱ्या) आवळा, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा. माझा एक दांडा पहिल्याच गतिरोधकावर फिरला होता.

ताई म्हणतात ते बुजरेपण तुम्हालाही जाणवेल. पन्हाळ्याच्या उतारावर कोपरे टेकवू नका, हात ब्रेकवरच असू द्या. तो सराव शिरोलीच्या बाजूला, पहाटे सहाच्या आत.