मदत हवी आहे : आयटीआय झालेल्या मुलांना पोटापुरता पगार देणारे काम कसे शोधावे?

सप्रेम नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका गावात आम्ही तिघे शिक्षक अभ्यासिका चालवतो. तेथे येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. यंदा त्यांपैकी चार मुले आणि दोन मुली वीजतंत्री म्हणून आयटीआय उत्तीर्ण झाली असून, त्यांना पुढे कुठे पाठवावे याबाबत आम्ही संभ्रमात आहोत.

गेल्या वर्षी चाकणला गेलेल्या एका मुलाने त्याची पगारपावती दाखवली. सुरक्षा बूट आणि गणवेशाचे पैसे कापून त्याच्या हाती ११,४०० रुपये आले होते, आणि खोलीभाडे व खानावळ भागवल्यावर घरी पाठवण्यासाठी जेमतेम दोन हजार उरले. पहिला पगार होईपर्यंतचे चाळीस दिवस त्याने उधारीवर काढले, हे तर त्याने फार उशिरा सांगितले.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार कामगार ठरत नाही. त्यामुळे वर्षभराच्या विद्यावेतनानंतर कायम नोकरी खरोखर कितीजणांना मिळते, हे कारखान्यात काम केलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे. त्यापेक्षा तारतंत्री (वायरमन) परवाना काढून तालुक्यातच स्वतंत्र कामे घेणे परवडेल का? मुलींसाठी सुरक्षित वसतिगृह आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांच्या खर्चाची सोय कोणी केली असल्यास तो अनुभवही आवर्जून लिहावा. निर्णय आम्हाला ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घ्यायचा आहे, कारण मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घरात आली की ही मुलेही फडावर जातात.