आधी ४०० किलोवॅट की आधी ४०० एमईव्ही? एफरिबच्या पुढच्या पावलाबद्दल

चौथा_चुंबक (धागाकर्ता)

मिशिगन स्टेट विद्यापीठातलं एफरिब (दुर्मिळ समस्थानिकांचे बीम बनवणारी त्वरक-यंत्रणा) मे २०२२ मध्ये सुरू झालं. खर्च ७३ कोटी डॉलर. ४६ क्रायोमॉड्यूल (अतिशीत पेट्या), त्यांत आयनांना वेग देणाऱ्या ३२४ अतिवाहक पोकळ्या. युरेनियमपर्यंतचा कुठलाही आयन २०० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं माप) प्रति न्यूक्लिऑनपर्यंत, म्हणजे केंद्रकातल्या दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे, न्यायचा, ग्राफाइटच्या टार्गेटवर आदळवायचा, आणि तुकडे त्याच वेगात पुढे निघाले की एरिस या विलगकाच्या चुंबकांनी त्यातलं हवं ते समस्थानिक वेचायचं. रचनेत ठरलेली बीमची शक्ती ४०० किलोवॅट. पहिले प्रयोग १ किलोवॅटवर झाले, युरेनियम पुढे १०.४ वर चालवला, नंतर २० किलोवॅट गाठले. म्हणजे अजून वीसपट चढण बाकी आहे.

दुसरा प्रस्ताव ऊर्जाच दुप्पट करण्याचा, म्हणजे ४०० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑन. त्यासाठी बोगद्यात जागा पहिल्यापासून राखून ठेवली आहे आणि ६४४ मेगाहर्ट्‌झच्या पाच कोष्ठांच्या पोकळ्यांवर कामही झालं आहे. (प्रस्तावाचं नाव 'एफरिब ४००'. त्यामुळे यातले ४०० कोणते, हे दर बैठकीत नव्याने सांगावं लागत असणार.)

माझं मत असं की पैसा आणि माणसं आधी ऊर्जेवर लावावीत, किलोवॅट सावकाश येऊ द्यावेत. याला कारण जड केंद्रकांची ओळख. ल्युटेशियम-१९० घ्या. ते एफरिबवरच प्लॅटिनम-१९८ च्या बीममधून पहिल्यांदा दिसलं आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. अणुक्रमांक ७१. सगळे इलेक्ट्रॉन उतरले असतील तर वस्तुमान भागिले प्रभार १९०/७१, म्हणजे २.६७६. आता ल्युटेशियम-१८७ घ्या, पण एक इलेक्ट्रॉन अंगाला चिकटलेला. १८७/७० = २.६७१. फरक ०.१७ टक्के. चुंबकाला दोघे जवळपास एकच. ऊर्जा-ऱ्हासाच्या मोजणीतही (पदार्थातून जाताना आयन किती ऊर्जा गमावतो त्यावरून) दोघांचा अणुक्रमांक एकच येतो. आणि १८७ हे १९० पेक्षा कितीतरी पटींनी जास्त तयार होतं, त्यामुळे त्याच्या शिखराची शेपटी थेट १९० च्या जागेवर येऊन बसते. मग सिलिकॉनच्या थरांत आयन पूर्ण थांबवून एकूण गतिज ऊर्जा मोजायची. तिथे फरक १.६ टक्के मिळतो, तेव्हा कुठे सुटका होते.

४०० एमईव्हीला हा गुंता बराच कमी होतो, कारण त्या वेगाला बहुतेक आयन पूर्ण उघडेच असतात. शिवाय पदार्थातला पल्ला तिपटीच्या आसपास वाढतो, म्हणजे तेवढं जाड टार्गेट लावता येतं.

बाष्पक_बहाद्दर

पहिला हिशेबच अर्धा सोडलाय तुम्ही. शक्ती म्हणजे ऊर्जा गुणिले प्रवाह. प्रवाह तोच ठेवून ऊर्जा दुप्पट केलीत तर शक्तीही दुप्पट झाली. आज २० किलोवॅटला जो डंप (टार्गेटपार आलेला उरलेला बीम जिथे थांबवतात तो) अडवतोय तो उद्या ४० ला अडवणारच. किलोवॅटचा प्रश्न टाळून ऊर्जेकडे जायची वाटच नाही.

आणि शक्ती हळूहळू चढते ती कुणाच्या हट्टामुळे नाही. २०० एमईव्हीच्या युरेनियमचे ४०० किलोवॅट म्हणजे सेकंदाला ५ × १०¹³ आयन. वाटेत साधारण एक वॅट प्रति मीटरपेक्षा जास्त सांडलं की बोगद्यात हाताने दुरुस्ती करणं अवघड होतं. प्रोटॉन सांडले तर ते आणि त्यांचे दुय्यम कण दूरवर जाणवतात, रेडिएशन मॉनिटर लगेच ओरडतो. कमी ऊर्जेचा जड आयन मात्र भिंतीतच जिरतो, बाहेर फारसं काही कळत नाही आणि पोकळीचा पृष्ठभाग खराब होऊन बसतो. म्हणून मोठी गळती झाली की ३५ मायक्रोसेकंदांत बीम तोडायची अट आहे. ती यंत्रणा प्रत्येक नव्या पायरीवर नव्याने तपासावी लागते.

आता टार्गेट. एकूण शक्तीतला सुमारे पाव भाग टार्गेटमध्ये राहतो. पूर्ण शक्तीला हे १०० किलोवॅट होतात, आणि बीमचा ठिपका एक मिलिमीटरचा. स्थिर ग्राफाइट क्षणभरही टिकणार नाही. म्हणून रचना अशी की ३० सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या मिनिटाला ५००० फेऱ्यांनी फिरवायच्या. कडेचा वेग सेकंदाला ७८ मीटर पडतो. निर्वातात उष्णता जाणार फक्त प्रारणाने, त्यामुळे चकती हजार-दीड हजार अंशांच्या वरच तळपत राहते. त्यातल्या त्यात बरं एवढंच की इतक्या तापमानाला ग्राफाइटमधली किरणोत्सर्गाची मोडतोड काही प्रमाणात आपोआप भरून निघते. बेअरिंगला मात्र तशी काही सोय नाही.

उरलेले ३०० किलोवॅट डंपमध्ये. पूर्ण शक्तीसाठी ठरवलेला डंप म्हणजे पाण्याने भरलेलं, पातळ टायटॅनियम मिश्रधातूचं फिरतं पिंप. बीम पत्र्यातून आरपार जातो आणि पाण्यात थांबतो. पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि पेरॉक्साइड तयार होतात. हायड्रोजन सतत काढून घ्यावा लागतो आणि पेरॉक्साइड पत्रा आतून खातं. हे सगळं दूरनियंत्रित हातांनी बदलता आलं पाहिजे. हे न सोडवता ऊर्जा वाढवणं म्हणजे टायर न बदलता इंजिन बदलणं.

चौथा_चुंबक

हिशेब पूर्ण करू या. समजा डंपची मर्यादा पक्की आहे. ऊर्जा दुप्पट केली, म्हणून प्रवाह निम्मा केला. तोटा दोनपट. टार्गेट तिप्पट जाड, म्हणजे फायदा तिप्पट (मधल्या मध्ये पुन्हा आदळून थोडा जातो, ते मान्य). इथपर्यंत दीडपट. पण युरेनियमच्या विखंडनातले तुकडे सगळ्या दिशांना उडतात, आणि बीम जितका वेगवान तितका त्यांचा शंकू अरुंद. एरिसच्या तोंडात साधारण ±४० मिलिरेडियन आणि संवेगाचे ±५ टक्के मावतात. २०० एमईव्हीला यातलं बरंच बाहेर सांडतं, ४०० ला बरंच आत येतं. हा फायदा डंप न बदलता मिळतो.

बाष्पक_बहाद्दर

विखंडनासाठी मान्य, तिथे कोनाचा फायदा खराच मोठा आहे. पण कॅल्शियम-४८ चे तुकडे पाडून निऑन, सोडियम, मॅग्नेशियमच्या न्यूट्रॉन-सीमेकडे (केंद्रकात जास्तीत जास्त न्यूट्रॉन मावतात तिथवर) जायचं असेल तर? ते तुकडे मुळातच अरुंद शंकूत जातात, आणि इतक्या हलक्या केंद्रकांना इलेक्ट्रॉन चिकटण्याची भानगड २०० एमईव्हीलाही नाही. तिथे तुमचा फायदा त्या दीडपटीवरच थांबतो. दिवसाला एक केंद्रक येतं त्याचे वीस करायचे असतील तर शक्तीच लागते.

आणखी एक. स्ट्रिपरचा प्रश्न कसा सुटला ते बघा. लिनॅकच्या (सरळ रेषेतल्या त्वरकाच्या) पहिल्या टप्प्यानंतर, सुमारे १७ एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनला, युरेनियमचे इलेक्ट्रॉन उतरवावे लागतात. कार्बनचा पापुद्रा मोठ्या प्रवाहाला टिकत नाही. जपानच्या रिकेन प्रयोगशाळेला हाच त्रास झाला. त्यांनी हेलियम वायू वापरला, पण वायूत प्रभार कमी मिळतो, म्हणून पुढच्या एका सायक्लोट्रॉनमध्ये बदल करून घ्यावे लागले. एफरिबने द्रव लिथियमचा पडदा उभा केला. जाडी १० ते २० मायक्रॉन, वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर. बीमने तापलेला भाग पुढच्या क्षणी तिथे नसतोच. वर ७८+ च्या आसपासचे पाच प्रभार एकाच वेळी वेगवर्धित करायची सोय, नाहीतर एकच प्रभार निवडून बाकीचा बीम फेकून द्यावा लागला असता. हे सगळं शक्तीचा आग्रह होता म्हणून झालं. "सावकाश येऊ द्या" म्हटलं असतं तर लिथियमच्या वाटेला कुणी गेलंच नसतं.

आयसोल_आजोबा

तुमचं दोघांचं भांडण टार्गेटच्या अलीकडचं आहे. पलीकडे काय मिळतं ते कुणी बोलेना.

सर्नचं आयसोल्डे १९६७ पासून चालू आहे. १.४ जीईव्हीचे (१४०० एमईव्हीचे) प्रोटॉन, सरासरी २ मायक्रोअँपिअर. गुणाकार करा, २.८ किलोवॅट. तेवढ्यावर सत्तराहून अधिक मूलद्रव्यांची हजारावर समस्थानिकं. युरेनियम कार्बाइड २००० अंशांच्या आसपास तापवायचं, आत तयार झालेले अणू विसरणाने बाहेर येतात, लेसरने नेमकं हवं ते मूलद्रव्य आयनित करायचं आणि ३० ते ६० केईव्हीचा (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग), सुईसारखा बारीक बीम घ्यायचा. थोरियम-२२९ च्या केंद्रकीय घड्याळासाठी हवा असलेला प्रकाशकण २०२३ मध्ये तिथेच दिसला. ॲक्टिनियम-२२९ स्फटिकात रोवलं, त्याच्या क्षयातून उत्तेजित थोरियम तयार झालं आणि त्याचा प्रकाश मोजला. किलोवॅट कुणी विचारले नाहीत.

एफरिबलाही थांबलेला बीम लागतोच. मग तो अर्ध्या प्रकाशवेगाने येणारा आयन आधी धातूच्या पट्ट्यांतून मंद करायचा, मग हेलियमच्या कोठीत थांबवायचा. तिथेच खरी गोम आहे. प्रत्येक आयन थांबताना हेलियममध्ये लाखो आयन-इलेक्ट्रॉन जोड्या तयार करतो. आवक वाढली की त्यांचा स्थानिक प्रभार साचतो, ओढणारं विद्युतक्षेत्रच झाकलं जातं आणि हवे ते आयन भिंतीला जाऊन चिकटतात. आत जाणारा बीम वीसपट केलात म्हणून बाहेर वीसपट येणार नाही. वर हेलियममध्ये अब्जांशात पाण्याची वाफ असली तरी आयन तिला धरून रेणू बनवतो आणि संदेश भलत्याच वस्तुमानावर दिसतो. सुधारणेचा पैसा इकडे द्या म्हणतो मी.

मायक्रोसेकंद

आजोबा, थोरियमचं उदाहरण उत्तम, पण तुमच्या सोयीचं. ॲक्टिनियम-२२९ चं अर्धायुष्य तासाभराचं आहे, कार्बाइडमधून रमतगमत आलं तरी चालतं. झिर्कोनियम, मॉलिब्डेनम, टंगस्टन, ऱ्हेनियम मागून बघा. हे २००० अंशांनाही टार्गेटमधून हलत नाहीत. उडत्या पद्धतीला (एफरिबसारखी, तुकडे न थांबवता वेगातच वेचायची) रसायनाशी देणंघेणं नाही. टार्गेट ते शोधक मायक्रोसेकंदाच्या आत, त्यामुळे काही मिलिसेकंदच जगणारंही जिवंत पोचतं. लिथियम-११ भोवतीचं न्यूट्रॉनचं प्रभामंडळ तानिहाता यांना १९८५ मध्ये बर्कलीत दिसलं ते उडत्या बीममुळेच. निकेल-७८ दुहेरी जादुई (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही खास स्थैर्य देणाऱ्या संख्येत) असल्याचा थेट पुरावा २०१९ मध्ये रिकेनहून आला, तोही उडत्या बीमवर.

हेलियम कोठीची मर्यादा मात्र अगदी खरी. पण ती लागू होते भरपूर तयार होणाऱ्या समस्थानिकांना. सीमेवरचं केंद्रक मिनिटाला एक येत असेल तर त्याचा कसला प्रभार साचणार? अडचण सोबत घुसणाऱ्या भेसळीची असते, आणि तिचा उपाय विलगकात आहे. मधे ॲल्युमिनियमची पाचर ठेवायची. समान काठिण्याचे (म्हणजे चुंबकात सारखेच वळणारे) पण वेगळ्या अणुक्रमांकाचे आयन तिच्यात वेगवेगळी ऊर्जा गमावतात आणि पुढच्या चुंबकात फाटतात. पाचर जाड केली तर निवड चोख होते, पण तिच्यातही आयन प्रभार बदलतात आणि आदळून मोडतात. म्हणजे इथेही चौथा_चुंबक म्हणतायत तो ऊर्जेचाच मुद्दा.

कुलाबा_पेलेट्रॉन

जरा आपल्याकडचं. मुंबईत टीआयएफआरच्या आवारातला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन (स्थिरविद्युत त्वरक) आणि त्याच्या जोडीचा अतिवाहक लिनॅक (तांब्यावर शिशाचा मुलामा दिलेल्या पोकळ्या, निओबियम नाही) फक्त स्थिर बीम देतो. दिल्लीच्या आयुकमध्ये (आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात) लिथियम-७ चा बीम हायड्रोजनवर मारून बेरिलियम-७ चा बीम काढला गेला आहे. कोलकात्याच्या व्हीईसीसी या त्वरक केंद्राचा अनुरिब प्रस्ताव इलेक्ट्रॉन लिनॅकने फोटोविखंडन घडवून आयसोल पद्धतीने (आयसोल्डेसारखं, तापलेल्या टार्गेटमधून अणू बाहेर काढत) जाण्याचा. आपल्या खिशाला आजोबांचा मार्ग परवडतो. ४०० च्या दोन्ही वादांत आपण फक्त प्रयोगाचा अर्ज टाकणारे.

तरी एक प्रश्न, बाष्पक_बहाद्दर यांना. डंपमधल्या पाण्यातून उपयोगी समस्थानिकं गाळून घेण्याची योजना आहे ना? म्हणजे शक्ती वाढवण्याला आणखी एक कारण?

बाष्पक_बहाद्दर

हो, आणि माझ्या बाजूचं ते सगळ्यात दुर्लक्षित कारण. डंपमध्ये थांबणाऱ्या बीममधूनही अणुभंजन होतंच. कॅल्शियम-४८ पाण्यात थांबवून कॅल्शियम-४७ मिळवणं आणि त्याच्या क्षयातून वैद्यकीय उपयोगाचं स्कँडियम-४७ काढणं, हे एफरिबच्या आधीच्या सायक्लोट्रॉन प्रयोगशाळेत करून झालं आहे. आयन-विनिमय रेझिनच्या स्तंभातून पाणी फिरवायचं, आयन अडकतात, मग आम्लाने उतरवायचे. मुख्य प्रयोगाचा तासही खर्ची पडत नाही. पण मिळकत डंपमध्ये जाणाऱ्या आयनांच्या संख्येवर. डंपची शक्ती तीच ठेवून ऊर्जा दुप्पट केलीत तर आयन निम्मे. प्रत्येक आयन पाण्यात लांबवर जाईल, म्हणून जास्त अभिक्रिया घडवेल हे खरं, पण पिंपाची खोली तेवढी हवी.

चौथा_चुंबक

म्हणजे पिंप पुन्हा आखावंच लागणार. मग ते आताच ४०० एमईव्हीच्या पल्ल्याचं आखा. २०० चं बनवून, किरणोत्सारी करून, दूरनियंत्रित हातांनी उपसून दुसरं बसवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

बाष्पक_बहाद्दर

खोल पिंप म्हणजे जास्त पाणी. म्हणजे जास्त वजन, आणि बेअरिंगवर तेवढा जास्त ताण. व्यास वाढवलात तर विलगकाच्या पहिल्या चुंबकांपाशी जागा नाही. त्यात मूळ बीमचे वेगवेगळे प्रभार वेगवेगळ्या ठिकाणी पडतात, म्हणून प्रत्येक प्रयोगाला डंप सरकवता आला पाहिजे. त्या जागेचं माप आधी टाका, मग पल्ल्याचं बोलू.