उत्तर: बायकांचं अमेरिकन फुटबॉल

वर कुणीतरी म्हटलंय की बायकांचं अमेरिकन फुटबॉल म्हणजे नुसता दिखाऊ तमाशा. तोकड्या कपड्यातली एक लीग होती, ते खरं. पण हेल्मेट-पॅड घालून पूर्ण धडकाधडकी करणाऱ्या बायकांची पहिली जागतिक स्पर्धा २०१० मध्ये स्टॉकहोमला झाली. अंतिम सामन्यात अमेरिकेनं कॅनडाला ६६-० धुतलं! बहुतेकजणी नोकरी सांभाळून, पदरमोड करून खेळतात.

धाग्यात फ्लॅग फुटबॉलचं नाव कसं नाही आलं? याच खेळाचा हा सौम्य प्रकार: पाचपाच जणी, धडक नाही, चेंडू घेऊन पळणारीच्या कमरेची पट्टी ओढली की खेळाडू बाद नव्हे, फक्त तेवढी चाल थांबते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, बायकांचंही. गेल्या दिवाळीत आम्ही बडोद्यात पोलो ग्राउंडवर करून पाहिलं, पट्ट्या म्हणजे जुन्या ओढणीच्या चिंध्या. माझी भाची खो-खोवाली; अशी हुलकावणी द्यायची की तिची चिंधी शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागली नाही. घोडं अडलं तो लांबट चेंडू हातानं फेकण्यापाशी. बोटं शिवणीवर ठेवून सोडताना मनगटाला पीळ दिला नाही, तर तो मेलेल्या कबुतरासारखा खाली येतो. माझा तर दरवेळी.