अनुभव धागा: सिनेमातला तो एक क्षण

आवडत्या सिनेमांच्या याद्या आपण पुष्कळ करतो. त्यांतून सिनेमे कळतात, आवडणारा माणूस फारसा कळत नाही. म्हणून इथे यादी नको. एकच सिनेमा घ्या, त्यातला तुम्हाला धरून ठेवणारा क्षण सांगा आणि त्यानंतर तुमच्या जगण्यात काय बदललं तेही लिहा. शेवट सांगायला हरकत नाही. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी नाव बघून पुढे सरकावं.

सुरुवात मी करते. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (१९५५). हरिहर खूप दिवसांनी घरी परततो. वादळाने घराची पडझड झाली आहे. आणलेल्या वस्तू तो एकेक करून बायकोला दाखवतो आणि शेवटी लेक दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतो. दुर्गा आता नाही, हे त्याला माहीत नाही. सर्वजयाचा बांध फुटतो, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा सूर चढत जातो. आमच्या घरातल्या एका मृत्यूच्या वेळी आईने केलेला आकांत मी ऐकला होता. तरी मला तो प्रसंग आठवतो तो नुसता दिसतो, आवाजाशिवाय. हे फक्त माझ्याच बाबतीत होतं असं मला वाटायचं. राय यांचं ते दृश्य पाहिल्यावर मी आईशी त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलू शकले.

*

'श्वास' (२००४). मी परिचारिका आहे, लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, त्यामुळे माझं मत थोडं एकांगी असेल. लहानग्या परशाला डोळ्यांचा कॅन्सर आहे; जीव वाचवायचा तर त्याचे दोन्ही डोळे काढावे लागणार. बहुतेक लोकांना आजोबा त्याला शस्त्रक्रियेआधी बाहेर घेऊन जातात ते आठवतं. मला त्याच्या आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांचं म्हणणं असतं की हे मुलाला सांगितलंच पाहिजे, आणि सांगायचं कसं ते कुणालाच सुचत नाही. अरुण नलावडे यांनी आजोबांची ती घालमेल जवळजवळ न बोलता दाखवली आहे. लहान मुलांना काय कळतंय, असं म्हणून त्यांच्या डोक्यावरून बोलणारे नातेवाईक मी रोज बघते. आता सुई टोचण्याआधी मी मुलाच्या उंचीला खाली बसते आणि दुखणार असेल तर दुखेल असं सांगते. मुलं रडतात, पण हात पुढे करतात.

*

मी सिनेमाच्या संकलनाचं काम करतो, म्हणून जरा कारागिरीबद्दल लिहितो. सिडनी ल्युमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७). जवळजवळ सगळा सिनेमा एका खोलीत घडतो. बारा ज्युरी (खटल्याचा निकाल देणारे सामान्य नागरिक), खुनाचा आरोप असलेल्या एका मुलाच्या जिवाचा प्रश्न, पहिल्या मतदानात अकरा विरुद्ध एक. पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेवटाकडे मला खरोखर गुदमरल्यासारखं झालं आणि ते का, हे कळेना. नंतर शोधलं. ल्युमेट यांनी सिनेमा पुढे सरकेल तसतशी जास्त फोकल लांबीची, म्हणजे दूरचं जवळ ओढणारी, भिंगं वापरली, त्यामुळे मागच्या भिंती माणसांना येऊन भिडल्यासारख्या दिसतात. कॅमेराही सुरुवातीला डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे, मध्ये डोळ्यांसमोर आणि शेवटी खाली; त्यामुळे एरवी न दिसणारं छतही डोक्यावर येतं. खोली तेवढीच राहते आणि आपल्याला ती आकसत गेल्यासारखी वाटते. बाहेर पडतानाच्या दृश्यात जास्त रुंद दाखवणारं मोकळं भिंग येतं आणि आपण श्वास घेतो.

हे समजल्यावर सिनेमाची मजा कमी होईल असं मला कुणीतरी म्हणालं होतं. उलट झालं. हे काम शिकायचंच, हे त्या सिनेमाने ठरवलं. आणखी एक सवय लागली: कुठल्याही बैठकीत सगळ्यांचं पटकन एकमत झालं की मी गप्प बसलेल्या माणसाला विचारतो.

*

वरचं सगळं वाचून मला एक सांगावंसं वाटतं. रडवणारा सिनेमाच खोल असतो असं नाही. माझा सिनेमा 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). बाबा गेल्यानंतर आमच्या घरात कुणी हसत नव्हतं. हसणं म्हणजे जणू त्यांना विसरणं. एका संध्याकाळी टीव्हीवर हा सिनेमा लागला होता आणि अशोक सराफ बोलता बोलता क्षणभर थांबतात तिथे आई फस्सकन हसली. मग आम्ही सगळेच. बाबांना तोच प्रसंग आवडायचा, हे तिने तेव्हा सांगितलं. त्या दिवसापासून घरात बाबांचं नाव मोकळेपणाने निघू लागलं. या सिनेमाला कुणी नुसती करमणूक म्हटलं की मला मनापासून राग येतो.

*

'फँड्री' (२०१३). गावातली डुकरं पकडायचं काम जब्याच्या दलित कुटुंबाच्या माथी आहे. डुक्कर कोंडीत सापडलेलं असतं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्याचं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. थिएटरमध्ये काही लोक हसले. मी त्या कुंपणाच्या आतल्या बाजूने मोठा झालोय, मला हसू आलं नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. नागराज मंजुळे यांनी तो कुणाला मारलाय हे त्या हसणाऱ्यांना तेव्हा कळलं असावं, कारण नंतर कुणी बोललं नाही. माझ्या वर्गमित्राने बाहेर आल्यावर मला फक्त विचारलं, "तुलाही असं...?" आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. आमची खरी मैत्री तिथून सुरू झाली.

*

माजिद माजिदींचा 'चिल्ड्रेन ऑफ हेवन' (१९९७). अलीला शर्यतीत तिसरं यायचं असतं, कारण तिसऱ्या बक्षिसात बूट आहेत. तो पहिला येतो आणि त्याचा चेहरा पडतो. मुलांच्या निकालाच्या दिवशी मी आधी त्यांचे चेहरे बघते.

*

'उंबरठा' (१९८२) मी दोनदा वेगवेगळ्या वयात पाहिला आणि दोन वेगळे सिनेमे पाहिले. माझी आई नोकरीसाठी परगावी असायची. शाळेत असताना मी पूर्णपणे त्या लहान मुलीच्या बाजूने होते. सिनेमातली आई, सुलभा (स्मिता पाटील), महिलाश्रमात कामाला गेली, मग मुलगी दुरावली तर चूक कुणाची? स्मिता पाटीलचा मला राग यायचा. स्वतःला मूल झाल्यावर पुन्हा पाहिला. गाडीत बसलेल्या सुलभाच्या चेहऱ्यावर ना अपराध आहे, ना विजय. जब्बार पटेल यांनी तिला कसलीच भरपाई दिलेली नाही, आणि तरीही ती निघाली आहे. मी आईला फोन करून विचारलं की दर सोमवारी पहाटे निघताना तुला काय वाटायचं? ती म्हणाली, "तू झोपलेली असतानाच निघायचे, जागी असतीस तर पाय निघाला नसता."

*

'उंबरठा'वर लिहिणाऱ्या ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

माझा सिनेमा जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा 'इकिरू' (१९५२). आयुष्यभर सरकारी कचेरीत बसलो, त्यामुळे पहिल्याच प्रसंगात ओळख पटली. घाण पाण्याचं डबकं बुजवून तिथे मुलांसाठी बाग करा, अशी मागणी घेऊन बायका येतात आणि त्यांना या खिडकीतून त्या खिडकीत फिरवलं जातं. पोटाचा कॅन्सर झालाय हे कळल्यावर कचेरीतला विभागप्रमुख वातानाबे ती फाइल उचलतो. तो बऱ्याच आधी मरतो, सिनेमा मात्र पुढे चालू राहतो. सहकारी त्याच्या आठवणी काढतात, त्याच्यासारखं काम करायच्या शपथा घेतात आणि कचेरीत पुन्हा तेच सुरू होतं. त्या बागेत झोपाळ्यावर बसलेल्या वातानाबेच्या दृश्याबद्दल सगळे बोलतात, मला ही कचेरी जास्त बोचते. सिनेमा पाहिला तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. उरलेल्या काळात, आलेल्या माणसाला दुसऱ्या टेबलाकडे पाठवायचं झालं तर मी त्याच्यासोबत स्वतः चालत जात असे.